मशीनची सिगार आणि आलापल्लीची सोयरीक

९ नोव्हेंबर
आलापल्लीहून संध्याकाळी परत. कंबर कामातून गेली. पुढे लोहखनिजाचे ट्रक, मागे ट्रक, मध्ये आमची बस. आमच्या हिची, शोभाची, अबोली साडी घरी पोचेपर्यंत विटकरी झाली होती.

पोरगा चांगला आहे. आमच्या लेकीनं, पल्लवीनं, स्वतःच पसंत केलेला, तेव्हा आमच्याकडे फक्त मान हलवण्याचं काम होतं. निखिल नाव. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीत इंजिनिअर. बोलतो कमी, हसतो बरोबर जागी. आई गोड. घोडं अडलंय बापापाशी. चिंतलवार, जंगल खात्यातले रिटायर्ड रेंजर. सागवानी खुर्चीत बसून माझ्याकडे असे बघत होते, जसा काही मी लाकडाचा ट्रक आहे आणि माझ्याजवळ पास नाही.

जेवणं झाली. म्हटलं आता साक्षगंधाची तारीख निघणार. तर साहेब उठले, आत गेले आणि एक सिगार घेऊन आले. एकच. शोभाला साडी, मला सिगार.

"मशीनची हाय, हातची नाई. मी नवा रेंजर होतो तवा एक परदेशी पाहुणा पक्षी पाहाले आला होता. जाताना डबा देऊन गेला. लोक म्हणतात, हातानं वळलेली जुनी झाली का सुधरते, मशीनची नुसती मरते. खरं का खोटं, मले पाहाचं हाय. मले तं डॉक्टरनं बंद केलं. तुमी वढा अन् सांगा."

"मी जन्मात ओढली नाही" म्हणायला हवं होतं. म्हणालो काय? "साहेब, आमचं कामच जाळून बघायचं आहे."

तसं ते खरं आहे. वीज केंद्राच्या कोळशाच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं. आलेला कोळसा किती ओला, किती राख टाकतो, किती आच देतो, ते सांगायचं आणि पगार घ्यायचा. पण कोळसा कोणी तोंडात धरत नाही. येताना बसमध्ये शोभा एवढंच म्हणाली, "फोकनाड." म्हणजे बढाईखोर, म्हणजे मी.

ते २३ ला आमच्याकडे येणार. घर पाहायला, आणि रिपोर्ट घ्यायला.

१० नोव्हें.
पल्लवीचा नागपूरहून फोन. आवाज बारीक.

"बाबा, 'छान आहे' म्हणालात ना, तर संपलं."

म्हणजे सिगार बऱ्याच जणांना दिलेली दिसते. निखिलचा मावसा, त्यांचे डॉक्टर, गावचे सरपंच. सगळे म्हणाले, एक नंबर! साहेबांनी त्या सगळ्यांशी बोलणं कमी केलं. मावशाला तर जागेच्या व्यवहारातूनच काढून टाकलं. म्हणे, जो धुरात खोटं बोलतो तो कशातही बोलेल.

"मग खराब आहे म्हणू?"

"खराब असेल तर म्हणा ना! त्यांना खोटं कळतं. आयुष्यभर खोटे पासच पाहिलेत त्यांनी."

"आणि तुझं लग्न?"

"म्हणूनच सांगतेय. नीट ओढा."

बापानं लेकीला सांगायच्या गोष्टी लेक बापाला सांगतेय. निखिल बापाच्या शब्दाबाहेर जाणारा नाही, आणि पल्लवीला भांडून केलेलं लग्न नकोय. एकुलती एक. तिचं हसू आता माझ्या फुप्फुसावर अवलंबून आहे. मला भीती वाटतेय, इथे तरी लिहून ठेवतो.

११ नोव्हें.
कोरडी तपासणी. न पेटवता.
रंग: जुन्या चपलेचा.
कडा: सरळ. मशीनचं काम, कुठे कमी-जास्त नाही. आवडलं.
दाबून पाहिली: चुरचुर आवाज. मॉइश्चर फार कमी.
वास: १. डांबरगोळी. २. डांबरगोळी. ३. मग जरा थांबलं की मोहफुलं. निखिलची आई म्हणाली होती की डबा कपाटात, आणि कपाटाखाली मोहफुलांचं पोतं असायचं. ४. तंबाखूचा वास शोधतोय.

शोभाला दाखवली. तिनं नाकाला पदर लावला. या घरात तंबाखू येणार नाही हा तिचा कायदा. नाइट शिफ्टच्या काळात मी खर्रा खायचो तो तिनंच सोडवला, तेही एका आठवड्यात, कसा ते लिहीत नाही. आता तिचीच लेक अडकलीय म्हणून एवढीच सवलत: सिगार घरात राहील, पेटणार नाही.

मग पेटवू कुठे? क्वार्टरच्या मागे झुडपात बसलो असतो, पण तिकडे बिबट्या दिसलाय, संध्याकाळी फिरायला बंदी आहे. लॅबमध्ये पेटवली तर अलार्म वाजेल. पानठेल्यावर बसून ओढली तर अर्ध्या तासात सगळ्या ऊर्जानगर कॉलनीला कळेल.

१३ नोव्हें.
नेटवर वाचलं. वाळलेली सिगार तशीच ओढू नये, आधी हळूहळू ओलावा द्यावा. हे पटलं. आपलंच शास्त्र. त्यांच्याकडे त्यासाठी लाकडी पेटी असते. आमच्याकडे तांदळाचा डबा आहे. वाटीत ओला कापूस, वर सिगार, खाली तांदूळ. झाकण घट्ट.

१४ नोव्हें.
शोभा: "भाताले कसला वास येऊन राह्यला हो?"
मी: "नवा तांदूळ असेल."
शोभा: "नवा तांदूळ डांबरगोळीचा वास मारते काऊन?"
डबा उघडला गेला. पुढचं लिहिण्यासारखं नाही. दोन दिवस पोळ्याच.
पण सिगार मऊ झालीय! चुरचुर कमी. शास्त्र ते शास्त्र.
आता ती बैठकीच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, फोटोंच्या अल्बममागे.

१६ नोव्हें.
मोरूभाऊ आले. शोभाचे थोरले भाऊ, चिमूरकडची सोयाबीनची शेती. दाढ काढायला चंद्रपूरला आलेत. पंचवीस वर्षं खर्रा खाऊन दाढेचं जे व्हायचं ते झालं. माणूस सोन्यासारखा, तोंड सोडून.

ते येताच शोभानं त्यांचे खिसे तपासले. मग कॉलनीतले सगळे ठेले फिरून आली. "हा माह्या भाऊ. याले कोणी खर्रा देईन तं माह्याशी गाठ हाय." ठेलेवाल्यांनी मान डोलावली. शोभाला सगळे ओळखतात.

मोरूभाऊ दिवसभर पलंगावर बसून मला म्हणत होते, "भाऊजी, तुमी तरी काई करा ना." मी काय करणार. मी स्वतः एका सिगारपायी झुरतोय.

१९ नोव्हें.
अनर्थ.

शिफ्टवरून आलो. म्हटलं २३ जवळ आली, उद्या सुट्टी, उद्या ओढू. अल्बम काढला. पिशवी हलकी. आत सिगार अर्धी. बरोबर मधोमध कापलेली, सुरीनं, सरळ. चोरानं तेवढी सभ्यता दाखवली होती.

मोरूभाऊ बैठकीत गालावर हात ठेवून. दाढ सकाळी निघालेली.

"मोरूभाऊ, कपाटातली..."

"ते होय? भल्ली जाड तंबाखू होती बाप्पा."

मग सगळं बाहेर आलं. दवाखान्यातून निघाले. तोंड अर्धं सुन्न. यांचा हिशेब असा, की तोंड सुन्न आहे म्हणजे खर्रा खाल्लेला दाढेला कळणार नाही. घरी येऊन कपाट धुंडाळलं, सिगार मिळाली, ती घेऊन ठेल्यावर. ठेलेवाला म्हणाला, "बाईनं तंबाखू द्याले नाई सांगतलं. घोटाले नाई सांगतलं नाई." आपली सुपारी, आपला चुना, आणि रेंजरसाहेबांची सिगार प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन त्यानं दगडावर घोट घोट घोटली. उरलेली अर्धी मोरूभाऊंनी सन्मानानं परत आणून ठेवली.

मी खाली बसलो. मग डोक्यात आलं, नमुना वाया गेला पण माणूस तर समोर आहे. वही घेतली.

"कशी लागली?"

"काय कशी लागली?"

"चव! पहिले काय, मग काय, शेवटी काय?"

मोरूभाऊंनी गाल चाचपला. "भाऊजी, तोंड सुन्न होतं न. काईच नाई लागलं. सुपारीबी नाई लागली. मीन तं अर्धा गाल चावला, तेबी नाई कळलं."

मला रडू यावं की हसू, समजेना. शोभा आली, तिला कळलं, तिनं मोरूभाऊंना जे ऐकवलं ते शेजारच्या तिन्ही क्वार्टरनं ऐकलं. मोरूभाऊ संध्याकाळच्या बसनं चिमूरला. जाताना माझ्या पाया पडले. वयानं तेच मोठे आहेत.

२० नोव्हें.
सकाळी विचार. लॅबचा नियम: नमुना अर्धा गायब असेल तर रिपोर्ट द्यायचा नाही, दुसरा नमुना मागवायचा. इथे दुसरा मागवला तर पहिल्याचं काय झालं ते सांगावं लागेल. नमुनाच मेव्हण्यानं खाऊन टाकला असं व्याह्याला कसं सांगणार? तेव्हा अर्ध्यावरच भागवायचं ठरवलं.

दुपारी. मागचा व्हरांडा. शोभानं कायदा शिथिल केला: घरात नाही, पण व्हरांडा म्हणजे घर नाही. वाळत घातलेले कपडे तिनं स्वतः काढले. खुर्ची, स्टीलची ताटली, माचिस, वही.

पेटवली. पहिला झुरका, वर्षानुवर्षं लोकांना ओढताना पाहिलं तसा, छातीत भरून.

नंतर नेटवर पुन्हा वाचलं. सिगारचा धूर आत घ्यायचाच नसतो, तोंडात फिरवून सोडायचा असतो. हे तांदळाच्या आधी वाचायला हवं होतं.

डोळ्यांपुढे केंद्राच्या चिमण्या फिरू लागल्या. खोकला असा, की भिंतीपलीकडून विचारणा झाली. मग मोरीकडे धावलो. मोरीत बराच वेळ होतो. मनात एकच, सिगार विझतेय, पल्लवीची सोयरीक विझतेय.

तोंड धुऊन बाहेर आलो, तर शोभा खुर्चीत. पाय वर घेऊन. हातात सिगार. हळूहळू धूर सोडत होती.

"तू?"

"मंग? तुमी मोरीत मरून राह्यले, अन् हे जळून चालली. कोणाले तरी वढाच लागन ना."

खोकला नाही, ठसका नाही. तंबाखूचं नाव काढलं तर नाकाला पदर लावणारी बाई! मी दारातच बसलो. तिनं शेवटपर्यंत ओढली, बोटं भाजायला आली तेव्हा ताटलीत ठेवली. मी वही पुढे केली.

"काय लिहू?"

"लिहू नका. कोणी इचारलं तं सांगीन."

मग उठून दोनदा दात घासले, पदर साबणानं धुतला, कोपऱ्यात ऊद लावला. जेवताना म्हणाली, पल्लवीला सांगायचं नाही.

मी माझ्यापुरतं एवढं टिपलं: राख पांढरी, एकसंध, शेवटपर्यंत धरून होती.

२३ नोव्हें.
आले. साहेब, बाई, निखिल. पल्लवीही नागपूरहून आलेली. पाटवडी रस्सा, गोळाभात, शेवयांची खीर. तांदूळ नवा आणला होता. साहेबांनी घर पाहिलं नाही, खिडकी पाहिली नाही. बसले आणि म्हणाले, "हं. बोला."

रात्रभर ठरवलं होतं की अमुक सांगायचं, तमुक गाळायचं. त्यांच्या नजरेपुढे एक टिकलं नाही. सगळं सांगितलं. तांदळाचा डबा, मोरूभाऊ, सुन्न गाल, खर्रा. निखिलनं हसू दाबायला रुमाल काढला. साहेब हसले नाहीत.

"राख?"

"पांढरी. एकसारखी. आमच्या कोळशापेक्षा बरी."

"धूर?"

"पहिल्या झुरक्यापुढचं मला सांगता येणार नाही."

"काऊन?"

"मी उलटी करत होतो."

"मंग उरलेली?"

"मंडळींनी ओढली."

सगळ्यांनी शोभाकडे पाहिलं. ती रश्श्याचं भांडं घेऊन उभी. पल्लवीचं तोंड उघडं ते उघडंच. साहेब खुर्चीत पुढे सरकले. घरी ते तेलुगू बोलतात, तोंडातून तेच आलं. "बागुंदा?" मग सावरून, "म्हंजे, चांगली हाय का?"

शोभानं भांडं खाली ठेवलं. हात पुसले.

"खरं सांगू जी? पहिले डांबरगोळी लागली. मंग मोहाचा वास, थोडंसं गोड. मले बरं वाटलं तवा. त्याच्यानंतर काईच नाई. नुसता गरम धूर. तुमी म्हणता जुनी झाली. ते जुनी नाई झाली, वाळली. आली त्या वर्षी कोणी वढली असती तं जिवाले मजा आली असती. चांगली साडी कपाटात ठेवून ठेवून घडीवरच फाटते, तसं झालं तिचं."

साहेबांनी मी नमुना म्हणून जपलेला ताटलीतला जळका तुकडा उचलला, नाकाशी धरला, बराच वेळ. मग खाली ठेवला. पाटवडी अर्धी टाकून उठले. "निघाव लागन. लांब हाय."

तारखेचं नाव नाही. निखिल दारातून मागे वळून बघत होता. पल्लवी आत गेली ती बाहेर आली नाही.

२४ नोव्हें.
पल्लवी नागपूरला गेली. जाताना आईला म्हणाली, "तू थोडं गोड करून नाही का सांगू शकलीस?" आई म्हणाली, "तूच तं म्हणे खोटं कळते त्याइले." पल्लवी रडली, मग रडता रडता विचारलं, "आई, तू खरंच ओढलीस?" आणि हसली, आणि पुन्हा रडली. बस निघेपर्यंत हेच चाललं.

घरी आल्यावर शोभा भांडी आपटत होती. दोष तिचा नाही. मी तिथे "आमचं कामच जाळून बघायचं" म्हणालो नसतो तर हे काही झालं नसतं. झोप नाही.

२७ नोव्हें.
फोन नाही. निखिल म्हणतो बाबा बोलतच नाहीत, कपाटापुढे खुर्ची टाकून बसतात.
मोरूभाऊंचा फोन आला. दाढ बरी आहे. "भाऊजी, तसली तंबाखू अजून हाय का?" फोन ठेवला.

३० नोव्हें.
निखिलच्या आईचा फोन, शोभाला. मी बाजूला कान लावून.

"बाई, तुमी काय सांगतलं ह्याइले? सगळं कपाट बाहेर काढलं! लग्नातल्या रजया काढल्या, त्या मी कवा वापरू देत नव्हती असं म्हणून राह्यले, हेच वापरू देत नव्हते. काचेचा सेट काढला, त्याच्यात चहा पेऊन राह्यले. रिटायरमेंटचा सूट घालून काल भाजी आणाले गेले. कोटात. वांगे आणाले!"

शोभा हसली नाही. "अन् सोयरिकीचं?"

"ते सोडून सगळं बोलून राह्यले."

४ डिसेंबर
संध्याकाळी साहेबांचा स्वतःचा फोन. मला म्हणाले, "तुमाले नाई, बाईले द्या." दिला. स्पीकर लावला.

साहेब म्हणाले, डब्यात अजून सिगार आहेत. घेऊन यायचं म्हणतायत. बाईंनी एक ओढावी, ते शेजारी बसून नुसता वास घेतील, डॉक्टरनं वासाला बंदी केलेली नाही. "एवढ्या वर्षांत खरं सांगणारं माणूस तुमीच एक भेटले. बाकी मले सारे 'एक नंबर' सांगून गेले."

मी खुणेनं सांगत होतो, हो म्हण, हो म्हण. शोभा म्हणाली, "येजा जी. पण पहिले साक्षगंधाची तारीख."

"पहिले सिगार."

"पहिले तारीख."

"दुसरीबी वाळलेली निघाली तं?"

"तं वाळली म्हणीन. तुमाले थोडीच घाबरते. पण भाऊ, एक इचारू? पोरं कवाचे राजी हायेत, आमी राजी, तुमच्या बाई राजी. हे बी काऊन कपाटात ठेवून राह्यले जी तुमी?"

साहेब एवढंच म्हणाले, "थांबा." फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज. मग लांबून त्यांचा आवाज, तेलुगूत, मोठ्यानं. बाईंचा आवाज. निखिलला कोणीतरी हाक मारतंय. काहीतरी पडलं, बहुतेक काचेच्या सेटमधलं. पुन्हा तेलुगू. त्यातला 'पंचांगम' एवढा एकच शब्द कळतो.

शोभा फोन धरून उभी आहे. मी म्हटलं, कट करून परत लावू. तिनं डोळे वटारले. "हात नका लावू. बोलून राह्यले ते."

भाजी गॅसवर होती, ती मीच परतली. पोळ्याही मीच लाटल्या, वाकड्या झाल्या. हे लिहितोय तरी फोन तिच्या हातातच आहे, आणि तिकडे अजून कोणी परत आलेलं नाही.